वीस नंबरचा पत्ता

३ तारीख, सोमवार

"तू तिथं दिवसभर नेमकं करतेस तरी काय?" बाबांनी आज जेवताना विचारलं.

बाबा घरं रंगवतात. त्यांनी भिंत रंगवली की भिंत दिसते. मी म्हटलं, "मी संगणक एकमेकांना जोडते."

"वायरीनं?"

"वायरीनंही."

"मग वायरमन झालीस की! त्यासाठी पदवी कशाला लागते?"

धाकट्या बहिणीला हसता हसता ठसका लागला. मी नेटवर्क म्हणजे काय हे समजावायला घेतलं आणि तिसऱ्या वाक्यात मलाच ते कळेनासं झालं. घरातली पहिली पदवीधर म्हणून भिंतीवर माझा फोटो आहे. तो पडणार नाही, एवढा भक्कम खिळा बाबांनी मारला आहे. फोटोतल्या मुलीचं मात्र सांगता येत नाही.

दैनंदिनी आजपासून लिहायची ठरवलं आहे. मोठी कामं करणाऱ्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवावी, असं माझं मत आहे. मोठं काम अजून सुरू व्हायचं आहे.

४ तारीख, मंगळवार

मोठं काम सुरू झालं.

आमची दातांची लॅब आहे. दंतवैद्य तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यावरून कृत्रिम दात बनवून देतो. मालकीण डॉक्टरबाई. वरच्या हॉलमध्ये स्कॅनताई मापांचे स्कॅन करतात, आणि खिडकीपाशी मेणकाका मेणाचे दात कोरतात. काका लॅबमध्ये सगळ्यांत जुने. पुढचे, हसताना दिसणारे दात फक्त त्यांच्याकडेच जातात. इथं पेशंटला नावानं ओळखत नाहीत, दातानं ओळखतात. आज स्कॅनताई फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "खालची डावी दाढ फार चिडलीय, तिला उद्या द्यायलाच हवं."

आतापर्यंत प्रत्येक संगणकात वेगळ्या फाइल असायच्या आणि एकाची फाइल दुसऱ्याला हवी असली की हॉलभर ओरडाआरडा. आता एक स्टोरेज येणार आहे. सगळ्यांच्या फाइल एका जागी, सगळ्यांना खुल्या. ज्ञानाची कपाटं उघडी असावीत, असं मी डॉक्टरबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "कपाटाला कुलूप लाव, उंदीर आहेत."

७ तारीख, शुक्रवार

स्टोरेज अजून आलं नाही, पण वाट बघत बसणारी मी नव्हे. घरचा लॅपटॉप नेला आणि त्यालाच स्टोरेज समजून तालीम केली. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला घरासारखा पत्ता असतो. लॅपटॉपला मी कायमचा पत्ता देऊन टाकला, शेवटचा आकडा वीस. मग लॅबमधल्या सगळ्या संगणकांना शिकवून ठेवलं, की फाइल हवी असेल तर वीस नंबरकडे जायचं. फाइल धडाधड उघडल्या. स्कॅनताई म्हणाल्या, "अगं, हे तर छान चाललंय!"

लॅपटॉप जुना आहे, पण त्यावर मी मुक्त प्रणाली टाकली आहे. ती कुणाच्या मालकीची नाही, आणि इतरांसारखी ऊठसूट सूचनांच्या खिडक्या उघडून डोकं उठवत नाही. निमूटपणे आपलं काम करते. मलाही असंच व्हायचं आहे.

१० तारीख, सोमवार

स्टोरेज आलं! डबाच तो, डबलरोटीएवढा, काळा, पुढं हिरवे दिवे. काकांच्या बाकाशेजारच्या कपाटात बसवला.

माझी हुशारी नोंदवून ठेवते. डब्यालाही मी वीस नंबरच दिला. बाकीचे संगणक आधीच वीसकडे जायला शिकलेले, त्यामुळे एकाही संगणकाला पुन्हा हात लावावा लागला नाही. लॅपटॉप घरी होता, डबा लॅबमध्ये, सगळं पहिल्या फटक्यात चालू. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झालं पण?" मी सहज खांदे उडवले. सहज दिसावं म्हणून ते मी सकाळी आरशासमोर करून पाहिलं होतं.

काकांनी मात्र डब्याकडे बघून विचारलं, "हा रात्री एकटा राहील ना?"

माझ्या मते नव्या तंत्राला त्यांचा आतून विरोध आहे.

१२ तारीख, बुधवार

पहिलं संकट.

लॅबनं मला दिलेला संगणक फार रेंगाळतो, म्हणून आज लॅपटॉप आणून माझ्या टेबलापाशी केबलला जोडला, आणि डबा नीट चाललाय ना यावर दिवसभर नजर ठेवली. आणि नेमका आजच तो गायब! म्हणजे जागेवर होता, दिवे चालू, पण संगणकांना सापडेना. मधेच सापडायचा, अर्धी फाइल द्यायचा, पुन्हा नाही. "पुढचे दोन" यांचा स्कॅन अर्धवट साठला. हे शाळेत शिकवतात, आणि दोन दात येईपर्यंत मुलांसमोर तोंड उघडायचं नाही अशी त्यांनी शपथ घेतली आहे. गणित फळ्यावर खुणा करून शिकवत आहेत म्हणे.

मी केबल तपासल्या. दुसऱ्या केबल लावल्या. संध्याकाळी लॅपटॉप आवरून निघताना स्कॅनताई म्हणाल्या, "अगं, चालू झालं की!" नव्या केबलचा गुण.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी मी लॅपटॉप जोडून नजर ठेवायला बसले आणि डबा पुन्हा गेला. आता सगळे मला "नेटवर्क" म्हणून हाक मारतात. "ए नेटवर्क, गेलं गं तुझं नेटवर्क!"

कपाटाजवळ सगळ्यांत जास्त वावर काकांचा. त्यांची मेणाची पेटी खालच्याच खणात असते. मी कपाटावर चिठ्ठी लावली, "कृपया आतल्या केबलला हात लावू नये." काका ती वाचून दोन्ही हात डोक्यावर धरून कपाटासमोरून गेले, आणि मग पाणी प्यायलाही तसेच गेले. सगळ्यांनी दात काढले. विनोदाआड माणूस काय लपवतो, याबद्दल मानसशास्त्रात बरंच लिहिलेलं असावं.

१४ तारीख, शुक्रवार

आजही तेच. दिवसभर लॅपटॉपवरून जागता पहारा, दिवसभर बोंब.

डॉक्टरबाई दुपारी टेप घेऊन काकांच्या खिडकीपाशी मापं घेत होत्या. पडदे लावणार असाव्यात. मेण कोरताना काकांना दिवसाचा स्वच्छ उजेड लागतो, दुपारचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून ही काळजी. अशा मालकिणीच्या हाताखाली काम मिळणं हे भाग्यच.

१७ तारीख, सोमवार

आज पुरावा मिळाला.

धाकटीला कॉलेजच्या कामासाठी लॅपटॉप हवा होता, म्हणून घरीच ठेवला. लॅबच्या रेंगाळणाऱ्या संगणकावर काम केलं. आणि दिवसभर डबा एकदाही गेला नाही! मी विचार करत होते, आज वेगळं काय आहे? मान वर केली तर काकांचा बाक रिकामा. काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून ते आज आलेच नव्हते.

काका नाहीत, तर बिघाड नाही. शास्त्र याहून वेगळं काय असतं?

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू बघितलंस का त्यांना वायर काढताना?"

"बघायची गरज नाही गं. याला अनुमान म्हणतात."

"असेल बाई," आई म्हणाली. "आमच्यात याला दुसरं काहीतरी म्हणतात."

आईला तांत्रिक गोष्टी समजावणं अवघड आहे.

१८ तारीख, मंगळवार

काका आले, मीही लॅपटॉप घेऊन आले. अर्ध्या तासात डबा गेला. मला जवळजवळ आनंदच झाला.

सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. सत्य बोलायला धैर्य लागतंच. मी म्हटलं, "मॅडम, आरोप करत नाही, पण काका कपाटापाशी असले की डबा बंद पडतो. कदाचित जाणूनबुजून नसेल. नव्याची भीती असते काही लोकांना."

"मला वाटलंच होतं," त्या लगेच म्हणाल्या. तांत्रिक बाजू इतक्या झटकन त्यांच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

१९ तारीख, बुधवार

काकांना खाली हलवलं.

खाली म्हणजे तळघरातल्या प्लास्टरच्या खोलीत. तिथं मापांचे साचे ओततात. खिडकी नाही, एक ट्यूब, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. ट्यूबच्या उजेडात मेणाच्या कडा दिसत नाहीत, त्यामुळे काकांनी आता साचेच ओतायचे. मेणाचे दात बाहेरून करून घेणार.

मला वाटलं होतं, कपाट हलवतील.

काकांनी कोरायच्या सुऱ्या एकेक करून पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या. दोन माणसांनी फरशीतले स्क्रू काढून बाक उचलून नेला. जाताना माझ्यापाशी थांबून ते म्हणाले, "पोरी, डब्याला जप. आता मी नाही, तेव्हा बंद पडायला त्याच्याकडे काही निमित्त उरलं नाही."

स्कॅनताई दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

२० तारीख, गुरुवार

डबा गेला. काका खाली असताना.

खोटं कशाला लिहू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की काका पाणी प्यायला वर येतात. मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी पाण्याचा माठ खाली हलवला. आता सगळे पाणी प्यायला तळघरात जातात आणि वर येताना माझ्याकडे बघतात.

२१ तारीख, शुक्रवार

माठ खाली, काका खाली, डबा गेलाच. दुपारी मला स्कॅनताईंचाही संशय येऊ लागला. मग वाटलं, अशी एकेकाला तळघरात धाडत गेले तर शेवटी वर मी आणि डबा दोघेच उरू.

हे वाक्य लिहिताना गंमत म्हणून लिहिलं. आता पुन्हा वाचलं तर तितकीशी गंमत वाटत नाही.

२४ तारीख, सोमवार

आजचं सगळं क्रमानं लिहायला हवं, नाहीतर मी ते उद्यापर्यंत मला सोयीचं करून घेईन.

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. मी डबा बंद केला. म्हटलं, थोडा थंड होऊ दे. मग स्कॅनताईंच्या संगणकावर बसून, निव्वळ सवयीनं, वीस नंबरला हाक मारली. म्हणजे एक छोटी आज्ञा असते, ती त्या पत्त्यावर "आहेस का?" असं विचारते, आणि तिथं कुणी असेल तर "आहे" असं उत्तर येतं.

उत्तर आलं. आहे.

मी उठून कपाट उघडलं. डबा बंद, सगळे दिवे विझलेले. परत येऊन हाक मारली. आहे. आहे. आहे.

शास्त्रावर विश्वास ठेवणाऱ्या मुलीनं लिहू नये, पण काकांचा तो "रात्री एकटा राहील ना?" आठवला.

मग एकेक केबल काढत सुटले. छपाईचं यंत्र, उत्तर चालूच. डॉक्टरबाईंचा संगणक, चालूच. स्वागताच्या टेबलावरचा, चालूच. शेवटी स्कॅनताईंच्या संगणकाची सोडली तर एकच केबल उरली. ती काढली आणि उत्तर थांबलं.

ती माझ्या लॅपटॉपची होती.

तालमीच्या दिवशी दिलेला वीस नंबर त्याच्यावर तसाच होता. मीच दिला होता, कायमचा. म्हणजे मी लॅपटॉप जोडला की गावात एकाच पत्त्याची दोन घरं, आणि फाइल कधी या दारात, कधी त्या दारात. डब्यावर नजर ठेवायला मी ज्या ज्या दिवशी बसले, त्या त्या दिवशी डबा माझ्यामुळेच गेला. धाकटीनं लॅपटॉप ठेवून घेतला त्या दिवशी काहीच झालं नाही. आणि माझा गुणी लॅपटॉप, कधी तक्रार न करणारा, तो एका शब्दानं बोलला नाही.

पत्ता बदलायला अर्धं मिनिटही लागलं नाही. स्कॅनताई जेवून आल्या आणि म्हणाल्या, "काय गं, भूत बघितलंस का?"

मी म्हटलं, "डबा सुरू करते."

२५ तारीख, मंगळवार

दिवसभर डबा चालला. उद्या सांगेन. एक दिवस पक्की खात्री करून घेतलेली बरी, घाईघाईत चुकीची माहिती जायला नको.

माझं हे अचूक माहितीबद्दलचं प्रेम थोडं उशिरा जागं झालं.

२६ तारीख, बुधवार

डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "बघा, काकांची जागा बदलली आणि आता दोन दिवस यंत्र ठणठणीत! हिनं ओळखलं म्हणून." मग म्हणाल्या, माझा उमेदवारीचा काळ संपायची वाट बघणार नाहीत, नोकरी आजपासून पक्की. काका तेव्हा साच्यांचा ट्रे घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी ऐकलं, ट्रे ठेवला आणि खाली गेले.

गप्प बसून चूक दुरुस्त केली की ती काकांच्याच नावावर कायमची चढते, हे मला तेव्हा कळलं. काल का नाही कळलं, ते विचारू नये.

डॉक्टरबाईंच्या मागोमाग खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आता चालतंय ना?"

"हो, पण काकांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचा बाक वर आणायला हवा."

"अगं, त्या खिडकीपाशी नवं यंत्र यायचंय, दात कोरणारं. मापं केव्हाच घेतलीत. त्यांना कसं सांगायचं हाच प्रश्न होता, तो तुझ्यामुळे सुटला. आता उगाच काही उकरून काढू नकोस. तुझ्याही भल्याचं नाही ते."

पडदे!

मी "बरं मॅडम" म्हटलं. माझ्या आदर्शांचा आवाज प्रत्यक्षात इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

घरी बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "पक्की झाली बरं का पोरगी!" धाकटीनं फोनवरून त्यांना कळवलं होतं, तिला मीच दुपारी कळवलं होतं.

२७ तारीख, गुरुवार

मधल्या सुट्टीत सगळे जेवायला एकत्र बसतात. काका वर येत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना डबे घेऊन खाली चलायला सांगितलं. भाषण पाठ केलं होतं. त्यात "सत्य" हा शब्द बऱ्याचदा होता. प्रत्यक्षात मी म्हणाले, "डबा माझ्या लॅपटॉपमुळे बंद पडत होता. दोघांना मी एकच पत्ता दिला होता. काकांनी काही केलं नाही. मॅडमना मीच त्यांचं नाव सांगितलं होतं."

काका प्लास्टर घोटत होते.

"म्हणजे," ते वाडग्यात बघतच म्हणाले, "दोन घरं, एक नंबर."

"हो."

"आणि चोर मी."

"हो. म्हणजे नाही. चुकले मी, काका."

आता ते काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील आणि मी रडेन, असं मला वाटत होतं. रुमालसुद्धा काढून ठेवला होता.

"सरक तिकडे," काका म्हणाले. "माझं प्लास्टर आवळत चाललंय."

मी सरकले. त्यांनी साचा भरला, ठोकून बुडबुडे काढले. वर येताना स्कॅनताईंनी पाठीत धपका घातला. शाबासकी होती की शिक्षा ते कळलं नाही, पण लागलं जोरात.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. हे सगळ्यांत अवघड होतं.

"चूक तुझी," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि उठवलं त्यांना."

"हो."

"आणि मालकीण म्हणते, गप्प बस."

"हो."

बाबा नखातला रंग खरवडायला लागले. मला वाटलं, आता फोटो उतरवतात. मग म्हणाले, "बाक जड आहे का फार?"

२८ तारीख, शुक्रवार

प्लास्टरच्या खोलीत बसून लिहिते आहे. पानावर भुकटी पडते, ती फुंकत फुंकत.

सकाळी बाबा आणि मी लॅब उघडायच्या वेळेलाच पोचलो. किल्ली स्कॅनताईंकडे असते. त्यांनी आम्हाला पाहिलं, बाबांच्या खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. "मी काही बघितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "डावीकडनं घ्या हो, दाराला घासेल!" जिन्यात बाक अडकला तेव्हा काहीच न बघितलेल्या स्कॅनताईंनीच एक टोक धरलं.

नव्या यंत्राची मापं मी काल ते विकणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून घेतली होती. खिडकीची त्याला काहीच गरज नाही. माझ्या टेबलाची जागा त्याला नेमकी पुरते, वर बोटभर उरते. म्हणून टेबल आम्ही खाली आणलं. नेटवर्क सांभाळायला उजेड लागत नाही, हे मी गेले काही दिवस सिद्ध केलंच आहे. डॉक्टरबाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. त्यात मापं आहेत, बाक आणि टेबल मी हलवल्याचं आहे, आणि माझी नोकरी पक्की करण्याचा निर्णय पुन्हा तपासावा अशी विनंती आहे. शेवटचं वाक्य लिहून दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

काका आले तेव्हा बाबा खिडकीपाशी गुडघे टेकून बसले होते. कोरताना बाक हलू नये म्हणून पूर्वी तो फरशीला जखडलेला असे. ती जुनी भोकं तशीच होती. काकांनी बाबांना नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही. बाकावर तळवा टेकवून त्यांनी तो हलवून पाहिला.

"उजवा पाय ढिला आहे," ते म्हणाले.

बाबांनी पेचकस माझ्या हातात दिला. मी फरशीवर बसून उजवा पाय आवळला. काकांनी पुन्हा हलवून पाहिलं, मग दिवा नीट केला आणि फडक्यातून सुऱ्या काढायला लागले.

आत्ता वर डॉक्टरबाईंचा आवाज ऐकू येतो आहे. बाकाचे चारही पाय फरशीला जखडलेले आहेत, आणि मी स्क्रू शेवटपर्यंत आवळले आहेत.